पगार सोडताना काय मागून घ्यावे?

हीथ्रो विमानतळ आपल्या स्लाऊच्या शेजारी आहे आणि आपल्यातल्या काही घरांची चूल तिथल्याच नोकरीवर पेटते. त्यामुळे मंदीत एखादी युनियन मालकापुढे नमते घेते, तेव्हा ती बातमी आम्हाला परक्याची वाटत नाही.

आपल्यातल्या मुंबईकरांनी येताना एक आठवण बरोबर आणली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. अनेक गिरण्या बंद पडल्या, हजारो संसार उघड्यावर आले. तेव्हापासून 'फार ताणू नये' हे आमच्या मनात पक्के बसले.

पण नुसते नमूनही भागत नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये स्टॅफर्डशायरमधल्या जेसीबी कारखान्याच्या कामगारांनी, जीएमबी युनियनच्या मतदानात, आठवड्याला सुमारे ५० पौंडांची कपात कबूल केली. तीनशेहून अधिक सोबत्यांच्या नोकऱ्या वाचाव्यात हा हेतू. पुढच्याच महिन्यात कंपनीने आणखी नोकरकपात जाहीर केली. मालाला गिऱ्हाईकच नसेल, तर सोडलेला पगार तरी किती पुरणार?

२०२० साली करोनामुळे विमाने जमिनीवर बसली. ब्रिटिश एअरवेजच्या १,२५५ वैमानिकांच्या नोकऱ्यांवर टांगती तलवार होती. त्यांच्या बाल्पा युनियनने २० टक्के पगारकपात मान्य केली. मात्र ती दोन वर्षांत ८ टक्क्यांवर आणायची आणि पुढे संपवायची, हे ठरवून घेतले. ८५ टक्के मते बाजूने पडली. सक्तीने घरी जाणाऱ्यांचा आकडा २७० वर आला. त्या २७० घरांचे दुःख लहान नव्हे. पण उरलेल्यांना पगार परत वाढण्याची मुदत तरी ठाऊक होती.

वैमानिकांचा जोर सामान उचलणाऱ्या किंवा सफाई करणाऱ्या कामगाराकडे नसतो, हे आम्ही जाणतो. प्रश्न मात्र सर्वांनी तेच विचारावेत. कपात किती? किती महिने? पगार परत केव्हा? बदल्यात किती नोकऱ्या राहणार? साहेबांच्या पगारातही कपात आहे का? आणि हे सारे लेखी आहे का?

तेव्हा मंडळी, तशी वेळ आलीच तर युनियनचा कागद कपाटावर टाकून देऊ नका. घरखर्चाची वही पुढ्यात घेऊन दोघांनी मिळून वाचा, सभेला जा आणि मत द्या. घरातल्या खर्चाची जाण आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला असणार?