कुंडीची तहान सांगणारी करवंटी

राजापूर तालुक्यात जांभ्या दगडाची भरड माती सर्वत्र आढळते. रत्नागिरी जिल्ह्यात सरासरीने 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु ही माती पाणी फार काळ धरून ठेवीत नाही. सबब पावसाळा सरताच अंगणातील तुळस, मोगरा, अबोली व पिशव्यांत वाढविलेली आंब्याची कोय कलमे यांना हाताने पाणी घालावे लागते. ते केव्हा घालावे, हाच खरा प्रश्न होय.

अति पाण्याचा धोका

पाण्यावाचून रोप सुकते हे सर्वांस ठाऊक आहे. तथापि अति पाण्यानेही ते तसेच मान टाकते. मातीतील पोकळ्या पाण्याने भरून गेल्या म्हणजे मुळांना हवा मिळत नाही, मुळे कुजतात व ओल असूनही रोपास पाणी शोषता येत नाही. मलूल झालेले रोप पाहून घरची माणसे आणखी पाणी घालतात आणि त्यातच ते दगावते. कलमाच्या बाबतीत अशा चुकीने वर्षाची मेहनत वाया जाते. म्हणून ‘आता पाणी नको’ हे कळणे, ‘पाणी हवे’ हे कळण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

शेतातील ओल दाखविणारे असे एक उपकरण कोइमतूर येथील ऊस पैदास संस्थेने तयार केले आहे. त्यात निळा, हिरवा, नारिंगी व तांबडा असे चार दिवे असून निळा भरपूर ओल, तर तांबडा तातडीने पाणी देण्याची गरज दर्शवितो. त्याच तत्त्वावर कुंडीसाठी एक साधे व मुलांना रमविणारे खेळणे घरी करता येते.

रचना

ओल्या मातीतून वीज सहज वाहते, कोरड्या मातीतून कष्टाने. हेच या खेळण्याचे मर्म होय. नारळाच्या करवंटीला मुळातच तीन डोळे असतात व त्यांपैकी एक मऊ असतो. तो पोखरून तेथे लहान तांबडा एलईडी दिवा बसवावा. उरलेले दोन डोळे व दिव्याचे तोंड मिळून आपोआप चेहरा तयार होतो. झाड तहानले की तोंड लाल होते.

साहित्य असे: जस्ताचा मुलामा दिलेले दोन लांब खिळे, दीड व्होल्टचे दोन सेल, एक बीसी 547 ट्रान्झिस्टर, 100 किलोओहमचा फिरता रोधक, 10 किलोओहम व 220 ओहमचे एकेक स्थिर रोधक आणि दाबाचे एक बटन. सेलच्या धन टोकापासून 10 किलोओहमचा व फिरता रोधक एकापुढे एक जोडून ट्रान्झिस्टरच्या बेसला न्यावेत. एक खिळा बेसला, दुसरा ऋण टोकाला जोडावा. एमिटरही ऋण टोकालाच जोडावा. दिवा 220 ओहमच्या रोधकासह धन टोक व कलेक्टर यांच्या दरम्यान ठेवावा. माती ओली असता बेसकडील वीज मातीतून निघून जाते व दिवा विझलेला राहतो. माती वाळली की ती ट्रान्झिस्टरकडे वळते व दिवा लागतो.

बटन अवश्य ठेवावे. वीज सतत वाहत राहिल्यास खिळे झिजतात व सेलही लवकर संपतात.

जुळवणी व दक्षता

1. दोन्ही खिळे एका लाकडी पट्टीत 3 सेंटिमीटर अंतरावर पक्के करावेत. अंतर बदलले की दर्शनही बदलते. भरड मातीत खिळ्यांभोवती माती दाबून घ्यावी.

2. कुंडीला भरपूर पाणी देऊन निथळू द्यावे. नंतर रोज 5 सेंटिमीटर खोल बोट घालून पाहावे. ज्या दिवशी माती कोरडी लागेल, त्या दिवशी दिवा नुकताच लागेल इतका रोधक फिरवावा व तेथेच कायम करावा.

3. दिवा न लागणे म्हणजे ओल आहे, की सेल संपले आहेत, हे ओळखण्यासाठी खिळे बाहेर काढून पुसावेत व बटन दाबावे. दिवा लागला पाहिजे.

4. खत दिल्यावर मातीतील क्षार वाढतात व माती आहे त्याहून ओली भासते. त्या दिवसांत बोटावरच विश्वास ठेवावा.

5. पावसाळ्यात करवंटी कोरड्या जागी काढून ठेवावी.

कलमांच्या वाफ्यात प्रत्येक पिशवीत यंत्र लावण्याची गरज नाही. सारख्या मातीच्या व सारख्या उन्हाच्या गटातील एकदोन पिशव्या नमुना म्हणून तपासाव्यात.

ज्या शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा आहे, तेथील सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांकडून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी करवंटी करवून घ्यावी. इतरत्र रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे साहाय्य घ्यावे. लाल तोंड पाहण्यासाठी मुले बटन दाबतील. परंतु तोंड लाल नसता तांब्या खाली ठेवण्याची सवय त्यांना लागली, तर या खेळण्याचे चीज झाले असे समजावे.