बाथटब: नळाआधी पाइपाचा व्यास पाहा

बाथटबला पाणी देणाऱ्या पाइपाकडून शॉवरच्या पाइपापेक्षा वेगळी अपेक्षा असते. शॉवरला मिनिटाला आठ लिटर पाणी मिळाले तरी आंघोळ नीट होते. दीड-पावणेदोन मीटर लांबीच्या टबला मात्र एका वेळी सुमारे १५० लिटर पाणी लागते, आणि तेही कोमट असतानाच. मुंबई-पुण्यात पुनर्विकासाची कामे जोरात आहेत आणि नव्या सदनिकांच्या माहितीपत्रकांत टब झळकत आहेत. मिक्सरचा ब्रँडही तिथे छापलेला असतो, पण भिंतीतला पाइप किती इंची आहे, हे सहसा सांगितलेले नसते. टब वापरात राहणार की कपडे भिजवायला उरणार, हे बऱ्याच अंशी त्याच मापावर ठरते.

पहिला हिशेब दाबाचा. गच्चीवरच्या टाकीतले पाणी दर दहा मीटर उंचीमागे सुमारे एक बार दाब देते. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी आणि टबची तोटी यांत तीन मीटरच अंतर असेल, तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो. अनेक आयात मिक्सरना किमान अर्धा ते एक बार लागतो. अशा घरात मिक्सर कितीही महागडा घेतला, तरी धार बारीकच राहते. प्रेशर पंप बसवायचा असेल तर तो थंड पाण्याच्या लाइनला आणि गिझरला, दोन्हींना पाणी देणारा असावा. एकाच बाजूचा दाब वाढला, तर मिक्सरमधून थंड पाणी गरम लाइनमध्ये शिरते. उंच इमारतींच्या खालच्या मजल्यांवर उलट अडचण असते. तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो आणि गिझरच्या पाटीवरचा कमाल दाबही तपासावा लागतो.

दुसरा हिशेब व्यासाचा, आणि कमी दाबाच्या घरात तोच निर्णायक. अर्धा इंची सीपीव्हीसी पाइपाचा आतला व्यास साडेबारा मिलिमीटरच्या आसपास, तर पाऊण इंचीचा सुमारे अठरा मिलिमीटर असतो. फरक लहान दिसतो, पण तेवढ्याच दाबाला पाऊण इंची पाइपातून अडीचपटींहून अधिक पाणी वाहते. मिनिटाला आठ लिटर पाणी आले, तर टब भरायला जवळजवळ १९ मिनिटे लागतात; वीस लिटर आले, तर साडेसात. जास्त वेळ म्हणजे पाणी भरता भरताच निवणे. म्हणून टबची गरम आणि थंड, दोन्ही लाइन टाकीच्या मुख्य पाइपापासून मिक्सरपर्यंत पाऊण इंचीच ठेवाव्यात. खर्चातला फरक किरकोळ असतो. मध्येच रिड्यूसर लावून शेवटचे दोन मीटर अर्धा इंची करण्याची सवय सोडायला हवी.

पाइप कशाचा, हा प्रश्न त्यानंतरचा. पांढरा यूपीव्हीसी पाइप ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतो, त्यामुळे गरम लाइनला तो चालत नाही. जीआय पाइप मजबूत असला तरी आतून गंजतो, क्षार साचून अरुंद होतो आणि टबात तांबूस पाणी येते. सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंत टिकतो. आयएस १५७७८ हे त्याचे मानक पाइपावर छापलेले आहे का, ते पाहावे. पीपीआरचे सांधे तापवून एकजीव केले जातात, म्हणून ते भरवशाचे; पण त्याचे माप बाहेरच्या व्यासाने सांगतात आणि भिंत जाड असते. २० मिमी पीपीआर आतून जेमतेम १३ मिमी भरतो. टबसाठी किमान २५ मिमी, आणि वरच्या मजल्यावर ३२ मिमी घ्यावा.

पाइप मोठा केल्यावर गरम पाण्याचा साठाही तेवढाच हवा. थंड पाणी २५ अंश, गिझरचे ६० अंश आणि टबात ४० अंश धरले, तर १५० लिटरपैकी सुमारे ६५ लिटर पाणी गिझरचे लागते. २५ लिटरचा गिझर इथे अपुरा पडतो. दोन किलोवॉटच्या गिझरला एवढे पाणी तापवायला सव्वा तासाहून अधिक वेळ लागतो. सौर बंब असल्यास त्याची गरम लाइन आधीच टबकडे वळवावी. त्यातच शहरांसाठी माणशी रोजचा निकष १३५ लिटरचा आहे, म्हणजे एक टबस्नान त्याहून जास्त पाणी घेते. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत टब बसवूच नये.

जोडणी करताना तोटीचे तोंड टबच्या काठापेक्षा तिच्या व्यासाच्या किमान दुप्पट उंच असावे. हँड शॉवर टबात बुडालेला असताना लाइनमधला दाब अचानक पडला, तर साबणाचे पाणी उलटे ओढले जाऊन पिण्याच्या पाण्यात मिसळू शकते. त्यासाठी हँड शॉवरच्या लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. सीपीव्हीसी पाइप कटरने सरळ कापून, कडा घासून, सोल्व्हेंट लावून, पाव वळण देत बसवावा आणि अर्धा मिनिट दाबून धरावा. दहा मीटरचा हा पाइप चाळीस अंशांच्या फरकाने सुमारे अडीच सेंटीमीटर लांबतो, म्हणून लांब लाइनमध्ये वळणे आणि सैल क्लॅम्प ठेवावेत. गिझरला तो थेट न जोडता मध्ये धातूचा तुकडा किंवा लवचीक नळी घ्यावी.

गिलावा आणि टाइल लागण्याआधीची चाचणी कधीच टाळू नये. सोल्व्हेंट पूर्ण वाळल्यावर लाइन पाण्याने भरून, हवा काढून, वापरातल्या दाबाच्या दीडपट दाबावर ठेवावी आणि गेजचा काटा काही तास हलत नाही ना, ते पाहावे. प्लास्टिकच्या पाइपाची चाचणी दाबलेल्या हवेने करू नये. फुटल्यास तुकडे उडतात. दोन्ही लाइनना स्वतंत्र चावी आणि टबच्या बाजूला उघडता येणारे झाकण ठेवले, की पुढची दुरुस्ती टाइल न फोडता होते.