काच गाडीची, पत्रा शेजारच्या गच्चीवरचा

पावसाळा सरला की वादळाची काळजी आपण पुढच्या मे महिन्यावर ढकलतो. अरबी समुद्राचे वेळापत्रक मात्र वेगळे आहे. त्याच्या वादळांचे हंगाम दोन. पहिला मे-जूनचा, मान्सूनच्या तोंडावरचा. दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. ‘फयान’ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले ते ११ नोव्हेंबर २००९ रोजी. ‘ओखी’ तर २०१७ च्या डिसेंबरमध्ये सरळ सुरतेच्या रोखाने निघाले होते. किनाऱ्याजवळ येता येता ते विरले, म्हणून शहर वाचले. दिवाळी अंक वाचकाच्या हाती पडतो तेव्हा हा दुसरा हंगाम चालू असतो.

सुरतेच्या दक्षिण भागात, उधना-पांडेसऱ्याच्या शेजारी बमरोली आहे. लूमचे कारखाने, त्यांना लागून रो हाऊसच्या सोसायट्या, अरुंद गल्ल्या, रस्त्यावर ताक्यांनी भरलेले छोटे टेम्पो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती व्हॅली रेल्वेच्या मार्गाने आलेली मराठी कुटुंबे या सगळ्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. अनेक घरांत गाडी ही पहिलीच, हप्त्यांवर घेतलेली. तिला गॅरेज नाही. ती दारासमोर, विजेच्या खांबाखाली किंवा कारखान्याच्या भिंतीला खेटून उभी असते. वादळात अशा गाडीचे पहिले नुकसान बहुधा बाजूच्या काचांचे होते. या काचा वाचवता येतात, पण त्यासाठी गाडीभोवती फिरण्याआधी गच्चीवर चढावे लागते, असे मी मानतो.

नुसत्या वाऱ्याने गाडीची काच फुटते का? हिशेब सोपा आहे. इमारतींवरील वाऱ्याच्या भारासाठी असलेल्या भारतीय मानकात (आयएस ८७५) दाबाचे सूत्र दिले आहे: मीटर प्रतिसेकंद या मापातल्या वेगाचा वर्ग करायचा आणि त्याला ०.६ ने गुणायचे. ताशी १०० किलोमीटर वाऱ्याचा दाब त्या हिशेबाने दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो येतो. पुढच्या दाराची काच चौरस मीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी धरली, तर तिच्यावर पंधरा-सोळा किलो पडले, तेही सगळीकडे सारखे पसरलेले. याच मानकात सुरतेसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १५८ किलोमीटर धरला आहे, मुंबईसाठीही तेवढाच. त्या वाऱ्यातही काचेवरचा भार चाळीस किलोच्या आत राहतो. धड बसवलेली, कडेला टवका नसलेली काच हे सोसते.

फोडतात त्या उडून आलेल्या वस्तू. गाडीची समोरची काच दोन पदरी असते, मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा. ती तडकली तरी जागेवर राहते. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत एकपदरी, टफन्ड. ही काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. वरचा थर आधी आवळतो, आतला नंतर. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि पोट ताणाखाली राहते. पसरट दाब ती मजेत घेते. मात्र टोकदार, कठीण वस्तूने वरचा थर भेदला की अडकलेला ताण एका क्षणात मोकळा होतो आणि अख्ख्या काचेचे दाणे होतात. कौलाचा कपचा, पत्र्याचा कोपरा, फरशीचा तुकडा एवढे पुरते. कडा हा तिचा सर्वांत नाजूक भाग, म्हणून अर्धवट उघडी काच बंद काचेपेक्षा लवकर जाते. वादळात आतला-बाहेरचा दाब सारखा व्हावा म्हणून काच बोटभर उघडी ठेवावी, असे काही जण सांगतात. ऐकू नका. दाबाने काच जात नाही. फटीतून पाणी मात्र आत येते आणि दारातले पॉवर विंडोचे बटण बिघडते. काचेवर चिकटपट्टीची फुली मारणेही व्यर्थ. फुलीने काच मजबूत होत नाही.

म्हणून बमरोलीच्या रस्त्याने चालताना एकदा वर पाहा. कारखान्याच्या पत्र्यांवर दगड आणि विटा ठेवलेल्या दिसतील. पत्रा उडू नये म्हणून ठेवलेली ती वीटच मोठे संकट आहे. पंधरा मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण पाचव्या मजल्यावरून पडलेली वस्तू जमिनीवर येते तेव्हा तिचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो, आणि त्याला वाऱ्याची मदतही लागत नाही. छपरावर वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त असते ती कडांना आणि कोपऱ्यांना, आणि हुक गंजलेले किंवा वायसर गळालेले असतात तेही बहुधा तिथेच. शिवाय वाऱ्याच्या बाजूचे शटर उघडे राहिले, तर आत शिरलेली हवा खालून छप्पर उचलते आणि वरून वारा ते ओढतो. पत्रा सुटतो तो या दुहेरी जोराने. उपाय कारखानदारांना माहीत आहे: कडेच्या रांगेत हुक जवळजवळ घालायचे, गंजलेले बदलायचे, आडवी लोखंडी पट्टी घट्ट बोल्टने बसवायची, आणि दगड-विटा खाली उतरवायच्या. एका छपराची ही दुरुस्ती गल्लीतल्या सगळ्या गाड्यांच्या काचा वाचवते.

‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगडात नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि घरांचे पत्रे शेजारच्या वाडीत जाऊन पडले. पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ च्या रात्री, ‘ताउक्ते’ दीव-उन्याच्या बाजूने सौराष्ट्रात शिरले. किनाऱ्यावर वेग १६० ते १७० होता. सुरत त्याच्या वाटेपासून बरीच दूर, तरी शहरात झाडे उन्मळली आणि विमानतळ बंद ठेवावा लागला. आणि वादळाला नावही नसताना काय होऊ शकते, ते १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला दिसले. अवकाळी पावसाच्या वाऱ्यात १२० फूट लांब आणि तितकेच उंच होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळले. सतरा माणसे गेली, त्यांत गाडीत बसलेलेही होते. इतक्या भाराखाली काचेचा विचारच उरत नाही. गाडी कुठे उभी आहे, एवढाच प्रश्न राहतो.

ती कुठे उभी करायची, याचे उत्तर हवामान खात्याच्या नकाशात असते. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. वादळ समुद्रातून उत्तरेला सौराष्ट्राकडे सरकत असेल, तर सुरत त्याच्या उजव्या हाताला राहते. अशा वेळी वारा आधी आग्नेयेकडून, मग दक्षिणेकडून आणि वादळ पुढे गेल्यावर नैर्ऋत्येकडून येतो. म्हणजे पक्क्या इमारतीची उत्तरेची बाजू आडोशाची. तेच वादळ डहाणूच्या बाजूला किनाऱ्यावर चढले, तर सुरतेत वारा पूर्वेकडून असतो आणि आडोसा पश्चिमेला मिळतो. आडोसा नसेलच, तर गाडीचे तोंड वाऱ्याकडे करावे: दोन पदरी काच समोर येते आणि बाजूच्या काचांना वस्तू तिरप्या लागतात. गाडी ज्या इमारतीच्या आडोशाला लावाल तिच्या गच्चीवरचे सैल सामान मात्र थेट टपावर येईल. ते आधी पाहा. पाण्याच्या टाकीचे झाकण, कुंड्या, रिकामे डबे, जुनी दारे, सोलर पॅनेलची सैल चौकट, सगळे बांधा नाहीतर घरात घ्या. विटांची साधी कंपाउंड भिंत हा आडोसा धरू नये, ती स्वतःच पडते. झाडाखाली नको, होर्डिंगच्या उंचीइतक्या अंतरात नको. दिवाळीच्या दिवसांत चौकाचौकांत शुभेच्छांचे फलक लागतात. त्यांच्या लोखंडी किंवा बांबूच्या चौकटी तात्पुरत्या बांधलेल्या असतात.

तळघरातल्या पार्किंगबद्दल सुरतेत वेगळे सांगायला नको. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सुटले आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. लिंबायतकडे मिठी खाडी आजही दर दोन-चार वर्षांनी आठवण करून देते. वाऱ्यापासून लपवलेली गाडी पाण्यात जाऊ नये.

जागा ठरली, वरचे सामान बांधले, मग काचेवर पांघरूण. सुरतेत पॅकिंगच्या सामानाची कमतरता नाही. साड्यांच्या खोक्यांचा जाड पुठ्ठा काचेच्या मापाने कापावा, दोन थर करावे आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करावे. उघडा पुठ्ठा पावसात तासाभरात लगदा होतो. पॅकिंगचा फोम मिळाला तर तो अधिक बरा. त्यावर जाड गोधडी टपावरून दोन्ही बाजूंना सोडायची आणि टेम्पोवाले ताके आवळतात तशा पट्ट्याने गाडीच्या खालून घेऊन आवळायची. ओली गोधडी जड होते, फडफडत नाही आणि उडालेल्या वस्तूचा जोर पसरवते. तिची कड दारात मात्र अडकवू नका: कापड वातीसारखे पाणी आत ओढते. आधी गाडी धुऊन घ्यावी, नाहीतर धूळ रंग घासते. पातळ कापडी कव्हर एकटे काही वाचवत नाही. सैल असेल तर स्वतःच फाटून उडते. आरसे मिटवा, टपावरचा कॅरिअर काढा. गोधडी वीट थांबवणार नाही. कपचे, फांद्या, कुंडीचे तुकडे थांबवेल.

पारदर्शक सेफ्टी फिल्मबद्दल अनेक जण विचारतात. ती काच फुटू देत नाही असे नव्हे. फुटलेले दाणे एकत्र धरते, त्यामुळे पाऊस लगेच आत येत नाही. कायद्याचे म्हणाल तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्या काचांतून ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मना बंदी केली. त्यानंतर नियमात सेफ्टी ग्लेझिंगला जागा मिळाली आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ही टक्केवारी पाळणारी फिल्म चालते असा निर्णय दिला. तरी सुरतेसारख्या पुराच्या शहरात मी फिल्म सरसकट सुचवणार नाही. गाडी पाण्यात अडकली तर बाजूची काच फोडूनच बाहेर पडावे लागते. टफन्ड काच कोपऱ्यात टोकदार हातोडीच्या एका फटक्याने मोकळी होते. फिल्म लावलेली लगेच वाट देत नाही, दोन पदरी तर देतच नाही. फिल्म लावलीच तर निदान एक दार तसेच सोडा, आणि हातोडी चालकाच्या हाताशी असू द्या, डिकीत नको.

एवढे करूनही काच गेली तर? फुटलेली काच खाली करू नका. दाणे दारात पडून यंत्रणा अडकते. आधी फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, मग साफ करा, हातमोजे घालून. जाड प्लास्टिक टपावरून घेऊन दाराच्या चौकटीबाहेर चिकटवा, म्हणजे पाणी त्यावरून ओघळते. चिकटवण्याआधी पत्रा कोरडा पुसा. नवी काच घेताना कोपऱ्यातली आयएसआयची खूण आणि काच ज्यात सरकते ते रबर तपासा.

विम्यात नुसती थर्ड पार्टी पॉलिसी वादळाचा पैसा देत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग असलेली पॉलिसी देते. काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत, ही बाब अनेकांना माहीत नसते. रबर-प्लास्टिकवर निम्मा कापतात. मात्र १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले हजार रुपये आणि त्यावरच्या गाडीला दोन हजार स्वतःचे जातात, शिवाय नो क्लेम बोनस जातो, आणि तो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत वाढलेला असतो. एकाच छोट्या काचेसाठी दावा करण्याआधी हा हिशेब मांडा.

वेळ किती मिळतो? हवामान खाते चक्रीवादळाचा इशारा साधारण ४८ तास आधी देते आणि पुढची, अधिक नेमकी सूचना २४ तास आधी. पहिला इशारा आला की गच्ची, दुसरा आला की गाडी, असा क्रम ठेवावा. वाऱ्याने जोर धरल्यावर गाडी हलवायला कोणी बाहेर पडू नये. काच परत बसवता येते.

बमरोलीत एक अडचण खास आहे. दिवाळीत बाजार आणि लूम बंद होतात, घरेच्या घरे खानदेशात गावी जातात. गाडी दारात, चावी जळगावात आणि इशारा सुरतेला, असे तेव्हा होते. कारखान्याचे मालकही सुटीवर, छपराकडे पाहणारे कोणी नाही. तेव्हा यंदा गावी निघण्याआधी गाडीची चावी मागे राहणाऱ्या शेजाऱ्याकडे देऊन जा, सोसायटीच्या गच्चीवर एक चक्कर मारा आणि समोरच्या कारखानदाराला पत्र्यावरच्या विटा उतरवायला सांगा.