संयमाला माहितीचे वावडे का?

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाची माहिती आहे. अनेक वर्गांत मात्र तेवढी पाने ‘घरी वाचून या’ या सदरात जमा होतात. घरचे समजतात शाळेत शिकवले असेल, शाळा समजते घरी सांगतील. मग मुलाला सांगतो तो शेजारच्या बाकावरचा मित्र, नाहीतर खिशातला मोबाइल.

ही कोंडी फोडण्याचा एक प्रयत्न झाला होता. केंद्राचे तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्रालय आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी किशोरवयीनांच्या शिक्षणाचा कार्यक्रम आखला. २००७ मध्ये त्यातल्या मजकुरावरून आणि चित्रांवरून गदारोळ उठला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. पुढे २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने अहवाल दिला, की विवाहापूर्वी शरीरसंबंध नकोत, हा संदेश शाळेतून गेला पाहिजे.

यात वावगे काय, असे कोणीही आईबाप विचारतील. खरोखरच वावगे काही नाही. पंधराव्या वर्षी थांबावे, हा शहाणपणाचाच सल्ला आहे. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यानेही अठरा वर्षांखालच्या मुलाची संमती ग्राह्य धरलेली नाही. प्रश्न एवढाच, की ‘थांबा’ म्हटले की आपले काम संपले का?

अमेरिकेने हा प्रयोग सरकारी खर्चाने करून पाहिला आहे. १९९६ च्या एका कायद्याने ‘विवाहापर्यंत संयम’ एवढेच शिकवणाऱ्या उपक्रमांसाठी वर्षाला ५ कोटी डॉलर मंजूर झाले. यातल्या चार उपक्रमांचा, दोन हजारांवर मुलांना हाताशी धरून, काही वर्षे अभ्यास झाला. २००७ मध्ये निष्कर्ष आला: धडे घेतलेली मुले आणि न घेतलेली मुले यांच्या वागण्यात फरक नव्हता. संयम राखणाऱ्यांचे प्रमाण सारखेच होते. ज्यांनी तो राखला नाही त्यांचे सुरुवातीचे वयही सारखेच. एक फरक मात्र पडला: निरोधाने रोग टळू शकतो यावरचा धडे घेतलेल्यांचा विश्वास काहीसा कमी झाला होता.

‘सगळे सांगितले तर मुले बिघडतील’ ही धास्तीही तपासली गेली आहे. युनेस्कोने २०१८ मध्ये जगभरातल्या अभ्यासांच्या आधारे सुधारित मार्गदर्शिका काढली. अशा शिक्षणामुळे मुले लवकर शरीरसंबंधांकडे वळत नाहीत, असे तिने नोंदवले आहे.

आयुष्य बँकेत गेलेल्या माझ्यासारख्याला यात नवल वाटत नाही. बँक रोखपाल नेमते तो प्रामाणिक माणूस पाहूनच. तरीही रोज संध्याकाळी रोकड मोजली जाते आणि तिजोरी उघडायला दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्या लागतात. यात रोखपालाला आपला अपमान झाला असे वाटत नाही. मुलांवर विश्वास ठेवावा, संयम सांगावा आणि रोग कसा होतो, कसा टळतो हेही सांगावे. यातले एक केले म्हणून दुसरे खोटे ठरत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हाच हिशेब मांडते. एकनिष्ठ, संसर्ग नसलेला जोडीदार आणि निरोधाचा नियमित वापर, या दोहोंनी एचआयव्हीचा धोका घटतो. ठणठणीत दिसणाऱ्या माणसालाही संसर्ग असू शकतो. हे ज्याला ठाऊक आहे आणि त्याबद्दलचे ठळक गैरसमज ज्याच्या मनात नाहीत, त्यालाच या विषयाचे पुरेसे ज्ञान आहे असे तिथे धरतात. २०१९ ते २१ च्या पाहणीत या कसोटीला उतरल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २१.६ टक्के, आणि पुरुषांपैकी ३०.७ टक्के. उरलेले सगळे निरक्षर थोडेच होते!

आणि हे घडते र. धों. कर्व्यांच्या देशात. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, त्यापायी खटले सोसले. १९३४ मध्ये न्यायालयात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले.

आज दार अगदीच बंद नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात अकरा विषय आहेत. प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही प्रतिबंध हा त्यांतलाच एक. तो शिकवण्यासाठी प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक तयार करायचे आहेत. त्या दोघांनी न अडखळता बोलावे, असे वाटत असेल तर पालकसभेत त्यांच्या मागे कोणीतरी उभे राहिले पाहिजे.

कारण प्रश्न केवळ रोगाचा नाही. ओळखीच्याच माणसाने अंगाला हात लावला, तर काय घडले हे सांगायला मुलीजवळ, आणि मुलाजवळही, शब्द हवेत. ‘नाही’ म्हणायला शिकवायचे, तर कशाला नाही म्हणायचे हे आधी सांगावे लागते. तेवढे सांगण्याचा संकोच मोठ्यांनी सोडावा. संयमाची अपेक्षा मग मुलांकडून करावी.