डंजन मास्टरची खुर्ची

१९७९ साली गॅरी गायगॅक्स यांचं 'डंजन मास्टर्स गाइड' बाजारात आलं. कुठल्या चिलखतावर वार बसवायला वीस बाजूंच्या फाशावर किती दान पडायला हवं, याचे तक्ते या पुस्तकात होते. खेळाडूंसाठी आदल्या वर्षी निघालेल्या पुस्तकात ते नव्हते. खेळाडूनं फासा टाकायचा आणि आकडा सांगायचा. वार बसला की हुकला, हे टेबलापलीकडे बसून डाव चालवणारा डंजन मास्टर सांगणार.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' कॉम्प्युटरवर कसा गेला, त्याचा गेल्या पन्नास वर्षांचा मागोवा घेताना मी पुन्हा पुन्हा या माणसापाशी येऊन थांबतो. गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून, टीएसआर या छोट्या कंपनीकडून निघाला. त्याचा जन्म युद्धाच्या पटखेळांतून झालेला, त्यामुळे आकडेमोड भरपूर. तरीही नियमांमध्ये जागोजागी मोकळी जागा होती आणि ती भरायला माणूस गृहीत धरलेला होता. कीर्तनकार समोरची मंडळी बघून आख्यान लांबवतो किंवा आवरतं घेतो, तसा हा माणूस खेळाडूंचे चेहरे बघत डाव पुढे न्यायचा.

त्या काळच्या नियमांतला आगीचा गोळा घ्या. जादूगारानं तो फेकला की आग सुमारे ३३,००० घनफूट जागा व्यापते, आणि जागेचा आकार असेल तशी पसरते. उघड्या माळावर ठीक आहे. पण अरुंद भुयारात तोच लोळ मागे फिरून आपल्याच माणसांना भाजत येतो. किती मागे येतो? भुयाराची रुंदी, उंची, वळणं मांडून हिशेब करा, नाहीतर डंजन मास्टरच्या अंदाजावर सोडा. बहुतेक टेबलांवर दुसरा मार्गच चालत असणार.

कॉम्प्युटरला अंदाज करता येत नव्हता, बेरीज मात्र येत होती. इलिनॉय विद्यापीठातून चालणाऱ्या प्लेटो यंत्रणेवर विद्यार्थ्यांनी १९७५ मध्येच भुयारं आणि राक्षस आणले होते. १९८१ मध्ये अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांचा 'विझर्ड्री' ॲपल-२ वर आला. सहा जणांची टोळी, पुढे ढालतलवारवाले, मागे मंत्रवाले. एकट्या खेळाडूनं अख्खी टोळी चालवायची ही रीत त्यानं घराघरांत पोहोचवली. टेबलावर सहा माणसं सहा डोक्यांनी भांडत असत. इथे ते भांडण गेलं आणि त्या जागी एका डोक्याची रणनीती आली. हा बदल लहान नव्हता, पण त्याची चर्चा फारशी होत नाही.

अधिकृत नियम खऱ्या अर्थानं पडद्यावर आले ते १९८८ मध्ये, 'पूल ऑफ रेडियन्स'मध्ये. टीएसआरनं परवाना दिला होता एसएसआय या कॅलिफोर्नियातल्या कंपनीला. तिचा मूळ धंदा युद्धाच्या खेळांचा, आणि ते लढाईत दिसतं. राक्षस समोर आले की पडदा बदलायचा, वरून दिसणारा चौकटींचा पट मांडला जायचा आणि एकेकाची पाळी यायची. झोपेचा मंत्र टाकून दुबळ्या शत्रूंची रांग आडवी पाडायची आणि निजलेल्यांना एकेका घावात संपवायचं, हे इथे पहिल्यांदा टेबलावरच्यासारखं हाताला लागलं. ट्रोल मारला तरी जखमा भरून पुन्हा उठतो. त्याला कायमचा संपवायला आग किंवा आम्ल लागतं, असा मूळ नियम. या खेळात ट्रोल पडला त्या चौकटीवर आपला माणूस उभा केला की त्याला उठता येत नसे. हा उपाय पटाच्या चौकटींतून निघाला होता, आणि तो कळल्यावर ट्रोलांशी लढण्याची सगळी तऱ्हाच बदलायची.

कथेला मात्र डिस्कवर जागा नव्हती. म्हणून खेळाबरोबर छापील वही मिळायची. पडद्यावर अमुक क्रमांकाची नोंद वाचा असं आलं की वही उघडायची. तिच्यात काही नोंदी खोट्याही घातल्या होत्या, आधीच चोरून वाचणाऱ्यांना चकवण्यासाठी. डंजन मास्टरच्या तोंडची वाक्यं अशी कागदावर आली.

डंजन मास्टरची उणीव सगळ्यात जास्त जाणवायची ती लढाईनंतर. टोळी घायाळ. पुरोहिताचा जखमा भरणारा मंत्र एका वेळी जेमतेम एक ते आठ गुण परत देणार. तो पाठ करायचा, विश्रांती घ्यायची, एकेकावर टाकायचा, पुन्हा पाठ करायचा, पुन्हा विश्रांती. नियमाबरहुकूम सगळं चोख, आणि खेळाडूचा जीव मेटाकुटीला. टेबलावर हेच काम एका वाक्यात व्हायचं: चार दिवस गेले, तुम्ही सगळे ठणठणीत आहात, पुढे बोला. या मालिकेतल्या पुढच्या खेळांत एसएसआयनं 'फिक्स' नावाचा हुकूम दिला. तो दाबला की पाठांतर, विश्रांती, उपचार आपोआप उरकायचे. 'फिक्स'बद्दल मला अपार आदर आहे. नियम पाळायचे कुठे आणि गुंडाळायचे कुठे, हा माणसाचा निवाडा होता, आणि तो कुणीतरी समजून-उमजून एका बटणात उतरवला. 'पूल ऑफ रेडियन्स'च्या अडीच लाखांहून जास्त प्रती खपल्या. पुढच्या काही वर्षांत त्याच सांगाड्यावर इतके खेळ निघाले की लोक कंटाळले, आणि १९९४ मध्ये परवाना एसएसआयच्या हातून गेला.

मग १९९८ च्या डिसेंबरात 'बॉल्डर्स गेट'. कॅनडातल्या एडमंटनमध्ये काही डॉक्टरांनी सुरू केलेल्या बायोवेअरनं तो केला. मुख्य रचनाकार जेम्स ओलन यांच्या टेबलावरच्या डावांतली पात्रं त्यात आली, खारूताईएवढ्या हॅम्स्टरशी बोलणारा मिन्स्क त्यांतलाच. बायोवेअरनं पाळ्या मोडून काढल्या. सगळे एकाच वेळी लढतात आणि स्पेसबार दाबला की जग थांबतं. टेबलावरची एक फेरी म्हणजे एक मिनिट असं जुने नियम मानत. इथे फेरी सहा सेकंदांची झाली, आणि फासे आत कुठेतरी पडत राहिले. वीज भिंतीवर आपटून परत येण्याचा जुना नियम मात्र त्यांनी ठेवला. कोठडीत वीज सोडून स्वतःचीच टोळी भाजून घेतलेले खेळाडू आजही तो प्रसंग रंगवून सांगतात.

माझ्या मते त्या काळातली खरी उडी पुढच्या वर्षीच्या 'प्लेनस्केप: टॉर्मेंट'नं घेतली. त्यातली लढाई सामान्यच आहे. पण शहाणपण, बुद्धी, प्रभाव हे पात्राचे गुण तिथे संवादात कामाला येतात. शहाणा असेल तर नायकाला जुनं काही आठवतं, समोरच्याच्या बोलण्यातली खोच कळते. टेबलावर हे आकडे बरेचदा कागदावरच राहत. इथे लेखकांनी त्यांना वाचा दिली.

२००० मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची तिसरी आवृत्ती आली. टीएसआर तोवर विझर्ड्स ऑफ द कोस्टच्या ताब्यात गेली होती. नवे नियम नेटके, चौकटींवर मांडता येणारे, अंदाजाला थोडीच जागा ठेवणारे. ट्रॉइका या कंपनीनं २००३ मध्ये 'टेंपल ऑफ एलिमेंटल इव्हिल' काढला आणि ते नियम जवळजवळ शब्दशः पाळले, पाळीपाळीनं. लढाई इतकी अस्सल त्याआधी कुणाला जमली नव्हती. दोषांनी भरलेला तो खेळ चाहत्यांनी वर्षानुवर्षं दुरुस्त करत जिवंत ठेवला. त्याच्या एक वर्ष आधीच्या 'नेव्हरविंटर नाइट्स'नं तर डंजन मास्टरची खुर्चीच परत मांडली होती. नेटवर जोडलेल्या डावात एक माणूस अदृश्य राहून राक्षस उभे करी, पात्रांच्या तोंडून बोले, डाव वळवी. टोळी सांभाळण्याची मजा मात्र त्यात उरली नाही. प्रत्येकाकडे मुख्यतः आपलं एकच पात्र.

नंतर बराच काळ टोळी चालवण्याचा हा प्रकार मोठ्या कंपन्यांना नकोसा झाला. २०१२ मध्ये ऑब्सिडियन या कंपनीनं लोकवर्गणीतून सुमारे ४० लाख डॉलर उभे केले आणि पुढे त्यातून 'पिलर्स ऑफ इटर्निटी' केला. वेळ थांबवत लढण्याची जुनी पद्धत परतली खरी, पण खेळाडू पाळ्याच मागू लागले. त्याच्या दुसऱ्या भागाला २०१९ मध्ये, आणि 'पाथफाइंडर: किंगमेकर'ला २०२० मध्ये पाळ्यांची सोय मागाहून जोडावी लागली.

बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या लॅरियननं २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'बॉल्डर्स गेट ३' काढला तेव्हा पाळ्या पहिल्यापासून होत्या, आणि संवादात वीस बाजूंचा फासा पडद्याच्या मधोमध घरंगळत येत होता. १९७९ मध्ये खेळाडूपासून लपवलेला आकडा आता फासा पडण्याआधीच लिहून दाखवतात. तरी हवं ते दान मिळेपर्यंत जुना सेव्ह उघडत बसणं थांबलेलं नाही. टेबलावर ती सोय नाही, त्यामुळे तिथे हुकलेलं दानसुद्धा कथेला धरूनच पुढे जातं. लॅरियननं हरलेल्या फाशांनाही पुढची वाट लिहून दिली आहे, आणि त्या वाटा बघितल्याशिवाय हा खेळ खेळला असं म्हणू नये.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. मृताशी बोलण्याचा मंत्र टाकून प्रेताला प्रश्न विचारता येतात. पण त्याला ज्यानं मारलं त्याच्याशी प्रेत बोलत नाही. मग वेषांतराचा मंत्र टाकायचा, दुसरं रूप घ्यायचं, पुन्हा विचारायचं. आता प्रेत उत्तर देतं. हे कुणा खेळाडूला सुचेल असं आधीच ओळखून कुणीतरी तशी तजवीज करून ठेवली. टेबलावर हा युक्तिवाद ऐकून डंजन मास्टर क्षणभर थांबला असता आणि हो म्हणाला असता. इथे तो होकार कित्येक महिने आधी लिहावा लागला. असे शेकडो होकार त्या खेळात आहेत, आणि म्हणूनच तो इतका प्रचंड झाला, इतकी वर्षं घेऊन बसला.

लॅरियननं २०२४ मध्ये जाहीर केलं की पुढचा भाग ते करणार नाहीत. माझी हळहळ त्याहून एका वेगळ्या गोष्टीसाठी आहे. याच कंपनीच्या २०१७ च्या 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २'मध्ये गेम मास्टरसाठी स्वतंत्र सोय होती. एका माणसानं जग मांडायचं, नकाशे जोडायचे, मध्येच डाव थांबवून फासा टाकायला सांगायचं, आणि बाकीच्यांनी आपापली पात्रं घेऊन त्यात उतरायचं. 'बॉल्डर्स गेट ३'मध्ये ती नाही.