मंदावलेला संगणक आणि घरगुती उपाय

पालघर जिल्ह्यांतील जव्हार आणि मोखाडा हे दोन डोंगरी तालुके. येथील गृहस्थाची शेती भात, नागली आणि वरई यांची. परंतु सात-बाराचा उतारा, मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविम्याची नोंद हीं कामें आतां संगणकाच्या द्वारें होतात. शहरांत नोकरीस असलेल्या एखाद्या भावानें आपला जुना संगणक गांवीं आणून दिलेला असतो. तो नेमका अर्जाच्या अखेरच्या दिवशीं, बाहेर पाऊस कोसळत असतां, असा कांहीं रेंगाळतो कीं, वीज जाण्यापूर्वीं काम पुरें होईल कीं नाहीं, याची साऱ्या घराला धास्ती पडते. मुलीची वर्षाची शिष्यवृत्ति त्या पडद्यावरच्या गरगरणाऱ्या चक्रांत अडकून राहते.

अशा वेळीं ‘नवें यंत्र घ्या’ असें सांगणारे पुष्कळ भेटतात. पण अनेकदां यंत्र निकामी झालेलें नसून त्याच्या डोक्यावर ओझें फार झालेलें असतें. तें कसें उतरावें, हें आज पाहूं.

प्रथम मंदपणाचें कारण. संगणकाची कार्यस्मृति, जिला रॅम म्हणतात, ती लिहिण्याच्या मेजासारखी असते. आणि त्याची हार्ड डिस्क म्हणजे भिंतींतलें फडताळ. मेज भरलें कीं यंत्र कांहीं कागद फडताळांत ठेवतें व लागतील तेव्हां पुन्हां काढतें. या हेलपाट्यांतच सारा वेळ जातो. म्हणून मेजावरची गर्दी कमी करणें, हें आपलें पहिलें सूत्र.

विंडोजच्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या, म्हणजे ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यांत प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांचे आंकडे शेंकड्यांत दिसतात. जो आंकडा सतत १०० च्या जवळ राहील, तेथें दुखणें आहे असें समजावें. तेथेंच ‘स्टार्टअप’ या सदरांत, यंत्र सुरू होतांच न बोलावतां येऊन बसणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी असते. गाण्यांचे, खेळांचे असे जे रोज लागत नाहींत, त्यांस ‘डिसेबल’ करावें. त्यामुळें ते पुसले जात नाहींत. हाक मारल्याखेरीज येत नाहींत, एवढेंच. ॲंटीव्हायरस मात्र बंद करूं नये.

दुसरा उपाय देखाव्याचा. ‘परफॉर्मन्स ऑप्शन्स’मध्यें ‘बेस्ट परफॉर्मन्स’ निवडलें कीं खिडक्यांच्या सावल्या व हालचाली थांबतात. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी खूण तेवढी पुन्हां लावावी. नाहीं तर देवनागरीच्या वेलांट्या वाचतांना डोळे शिणतात.

तिसरा, जागेचा. डिस्क तुडुंब भरूं देऊं नये. ‘स्टोरेज’मधून तात्पुरत्या फाइली काढाव्या, पण त्या यादींत ‘डाउनलोड्स’ हें नांवही असतें. तेथें खूण करण्यापूर्वीं थांबावें, कारण आपला उतारा बहुधा तेथेंच असतो.

चौथी गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर यंत्र बहुधा आपली कांहीं स्थिति डिस्कवर जपून ठेवतें. पूर्ण नवी सुरुवात हवी असल्यास ‘रीस्टार्ट’च करावें. तसेंच, जें यंत्र आठवडेंच्या आठवडे बंद होतें, तें इंटरनेट मिळतांच मागची सारी थकबाकी उतरवून घेऊं लागतें. म्हणून अर्जाच्या दोन दिवस आधीं तें कांहीं तास चालू ठेवावें.

या उपायांनाही सीमा आहे. हार्ड डिस्क जुन्या फिरत्या तबकडीची असेल, तर तिच्या जागीं एसएसडी बसविणें हा नव्या यंत्राहून स्वस्त व गुणकारी मार्ग होय. विंडोज १० चें सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें; सेटिंग बदलून वेग वाढेल, पण ती सुरक्षितता परत येणार नाहीं. आणि ‘एका बटणांत वेग दुप्पट’ असें सांगणाऱ्या प्रोग्रॅमांस घरांत घेऊं नये. ते स्वतःच मेजावर येऊन बसतात.

श्रोतेहो, यांपैकीं पहिला उपाय अवघ्या दहा मिनिटांचा आहे. तो आज सायंकाळीं करून पाहावा. अखेरची तारीख येण्याची वाट पाहूं नये.