कुत्र्याच्या डोळ्यांत औषध घालताना
कुत्र्याचे डोळे लाल होऊन पाणी गळू लागले, की घरात उरलेले माणसांचे थेंब घालण्याचा मोह होतो. तो घातक ठरू शकतो. त्या थेंबांत स्टिरॉइड असेल आणि पारपटलावर जखम असेल, तर ती चिघळून डोळाही गमवावा लागतो. ही जखम पशुवैद्यक फ्लुरोसीन रंगद्रव्याने तपासतात. पगसारख्या बटबटीत डोळ्यांच्या जातींना तिचा धोका अधिक.

औषधाला विरोध करणाऱ्या कुत्र्यासमोर बाटली नाचवू नये. त्याला पाठमोरे बसवून हनुवटी उचलावी, बाटलीचा हात त्याच्या कपाळावर टेकवावा आणि मागूनच थेंब सोडावा. हात टेकलेला असल्याने त्याने मान झटकली, तरी बाटलीचे टोक डोळ्याला सहसा लागत नाही. लगेच आवडता खाऊ द्यावा. दुसरे औषध असल्यास पाच मिनिटे थांबावे.